वर्षश्राद्धाला जाताना

प्रिय चिऊ,

मेलबर्नहून निघायची तिकिटं बघून तू विचारलंस की नाशिकचे आजोबा ४ डिसेंबरला गेले, मग आपण काकांकडे २३ डिसेंबरला का जातोय? त्याच दमात पुढचे प्रश्न: आजींशी काय बोलायचं, काय न्यायचं, आणि कावळा खरंच येतो का?

तारीख बरोबर आहे. आपल्याकडे श्राद्ध तिथीने करतात. ४ डिसेंबर २०२५ ला दत्तजयंती होती, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. चंद्राच्या बारा महिन्यांचे साधारण ३५४ दिवस होतात, म्हणून एरवी तीच तिथी पुढच्या वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. यंदा मात्र ज्येष्ठ दोनदा आला. १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ होता. तो एक महिना जास्तीचा धरला की मार्गशीर्ष पौर्णिमा थेट २३ डिसेंबर २०२६ ला जाते. मोजून बघ, मधे ३८४ दिवस भरतात, चंद्राचे पूर्ण तेरा महिने. काकांनी मासिक श्राद्धंही म्हणूनच बाराऐवजी तेरा धरली.

अजून एक बारकावा आहे. मृत्यूच्या क्षणी जी तिथी चालू असेल ती धरायची. त्या दिवशी पौर्णिमा सकाळी साडेआठनंतर लागली आणि आजोबा दुपारी गेले. पहाटे गेले असते तर चतुर्दशी धरावी लागली असती आणि वर्षश्राद्ध एक दिवस आधी आलं असतं. परदेशातून येणाऱ्यांची गडबड इथेच होते. तारीख लक्षात ठेवून तिकीट काढतात आणि पोचतात तेव्हा सगळं आटपलेलं असतं, नाहीतर व्हायचं असतं. आधी गुरुजींकडून दिवस पक्का करून घ्यायचा आणि मगच तिकीट काढायचं. शिवाय पहिल्या वर्षी बऱ्याच घरी काम दोन दिवसांचं असतं, आदल्या दिवशी अब्दपूर्ती, म्हणजे वर्ष पुरं झाल्याचा विधी, आणि दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध. म्हणून आपण २१ लाच नाशिकला पोचतोय. काही घरं सोयीसाठी तारीख किंवा जवळचा रविवार धरतात. त्यातही काही बिघडत नाही, फक्त कोणत्या घरी काय धरतात ते विचारून घ्यावं लागतं.

आता आजींबद्दल. आजोबा गेल्यानंतर आपण त्यांना प्रत्यक्ष भेटलेलो नाही. वर्ष झालं असलं तरी आपल्या दृष्टीने ही पहिलीच भेट, आणि पहिली भेट दुःखाचीच असते. म्हणून मुंबईला उतरल्यावर मावशीकडच्या साखरपुड्याआधी नाशिक. दारात हसत ‘कशा आहात आजी?’ म्हणू नकोस. चपला काढ, हातपाय धू, आजोबांच्या फोटोला नमस्कार कर, मग आजींना वाकून नमस्कार कर. सुतकाच्या दहा दिवसांत गेलो असतो तर कोणाच्याच पाया पडलो नसतो, पण आता चालतं. मग त्यांच्या जवळ बस. ‘आजोबांचं कळलं तेव्हा फार वाईट वाटलं’ एवढं वाक्य पुरे. पुढचं त्या बोलतील. मोठी माणसं अशा वेळी घाबरून हवापाण्याच्या गप्पा काढतात, आणि ज्याच्यासाठी आलो त्याचं नाव निघतच नाही. तू सरळ विचार: आजोबा तुम्हाला पेपर वाचून दाखवायचे ना? बुद्धिबळ कोणाशी खेळायचे? त्या रडल्या तर हात धरून बस. ‘रडू नका’ म्हणायचं नाही. निघताना ‘येतो’ म्हणायची आपली सवय दुःखाच्या भेटीत पाळत नाहीत, नुसतं उठून निघायचं. वर्षश्राद्धाला हे सगळेच पाळतात असं नाही. काका करतील तसं कर.

आजींच्या कपाळावर टिकली दिसेल, हातात बांगड्याही. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची अशी पद्धत कित्येक घरांत होती आणि अजूनही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून ती बंद केली, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आजींनी काय घालायचं ते आजी ठरवतील. त्यावर कौतुकसुद्धा करू नकोस, अवघडायला होतं.

न्यायचं काय? चॉकलेटचा डबा नको, गिफ्टच्या कागदात गुंडाळलेलं काहीच नको. फोटोसाठी निशिगंधाचा हार आणि थोडी फळं नाशिकलाच घेऊ. मुख्य म्हणजे जेवायला आपण किती जण आहोत ते दोन दिवस आधी कळवायचं, कारण या स्वयंपाकात आयत्या वेळी भर घालता येत नाही. कांदा-लसूण नसतं, मसूर नसते. उडदाचे वडे, तांदळाची खीर, कढी, गवार, लाल भोपळा, कारलं, आमसुलाची चटणी, असं बरंच काही ताजं आणि एकाच सकाळी होतं. श्राद्धाची वेळ दुपारची, अपराह्णकाळची. त्यामुळे पानं दीड-दोनच्या आत पडत नाहीत, आणि आधी चाखायला कोणालाच मिळत नाही. त्यातून मेलबर्नचं घड्याळ नाशिकच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे तिथे दीड वाजले की तुझ्या पोटात सात वाजलेले असणार. सकाळी आपण जिथे मुक्कामाला असू तिथेच पोहे खाऊन निघायचं. स्वयंपाकघरात जाऊन भूक लागली म्हणायचं नाही.

त्या दिवशी दारात रांगोळी नसेल. काका सोवळ्यात असतील, त्यांना शिवायचं नाही आणि पळत जाऊन मिठी तर मुळीच मारायची नाही. त्यांचं जानवं एरवी डाव्या खांद्यावर असतं, पितरांच्या कामाला ते उजव्या खांद्यावर घेतात. पुढ्यात दर्भ, काळे तीळ आणि भाताचे तीन पिंड असतील, काकांचे वडील, आजोबा आणि पणजोबा यांचे. बघायला बसलीस तरी चालेल. फोन मात्र बॅगेत. आणि पहाटे नाशिकला चांगलीच थंडी असते, साध्या सुती कपड्यांवर स्वेटर लागेलच.

कावळ्याचं दोन ठिकाणी असतं, तू दोन्ही एकत्र केलंस. दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात आणि कावळ्याने तो शिवायची वाट बघतात. नाशिकला हे गोदावरीच्या काठी, रामकुंडाच्या परिसरात चालतं. कावळा आला नाही तर माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं समजून घरचे मोठ्याने वचन देतात, ‘आईला सांभाळू’, ‘धाकटीचं शिक्षण पुरं करू’. तरीही नाही आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात, म्हणजे कोणी दिवसभर अडकून पडत नाही. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा पंधरा-वीस माणसं पिंडाला खेटून उभी असतात, आणि घाटावरचे कावळे सकाळपासून खाऊन तुडुंब झालेले असतात. माणसं मागे सरली की काम होतं. तरी ती वचनं ऐकण्यासारखी असतात, घरात एरवी कोणी न बोललेलं तिथे बोललं जातं.

वर्षश्राद्धाला गच्चीवर पान ठेवतात, तो काकबळी. पत्रावळीवर प्रत्येक पदार्थाचा थोडा थोडा भाग वाढून ठेवायचा आणि जिन्यापर्यंत मागे यायचं. हे काम तुला सांगतील कदाचित. प्लास्टिकची ताटली वापरू नकोस, वाऱ्याने उडते. कबुतरं आधी आली तर हाकल. शेवटपर्यंत आलाच नाही तर ते पान गाईला देतात.

सगळ्याच मराठी घरांत हे असं असतं असं समजू नकोस. तुझ्या शाळेतल्या त्या नागपूरच्या मैत्रिणीकडे बौद्ध पद्धतीने पुण्यानुमोदन आणि जलदान विधी होतो, तिथे पिंडही नाहीत आणि कावळाही नाही. वारकरी घरांत पुण्यतिथीला कीर्तन ठेवतात. बोलावलं तर तिथेही जायचं आणि बसायचं.

राहिली दिवाळी. काकांकडे यंदा आकाशकंदील नव्हता, फराळ नव्हता. वर्षाच्या आतला सण त्या घरी करत नाहीत, तळणीची कढई चढत नाही. म्हणूनच शेजारी आणि नातेवाईक डबे पोचवतात. आपणही नाशिकमधल्या ओळखीच्या बाईंकडून चकली आणि चिवडा पाठवला होता. वर्षश्राद्ध झालं की ही बंधनं सुटतात. संक्रांतीला आजींना फोन करून ‘तिळगूळ घ्या’ म्हणायला हरकत नाही.

परत येताना कोणी पेढे, सुपारी, फुलं दिली तर तिथेच वाटून टाकायची. भारतातले दुधाचे पदार्थ ऑस्ट्रेलियात आणू देत नाहीत, आणि बिया, पानं, सुपारी असं काही बॅगेत राहिलं तर विमानतळावरच्या कार्डावर लिहावंच लागतं. लपवलं तर दंड होतो. बॅगेचे बाहेरचे कप्पेही बघून ठेव, हाराच्या पाकळ्या तिथेच राहतात.

तुझा,
बाबा