आईच्या कागदावर 'बाराणी सोसायटीचे निकष' असं लिहिलंय, ही काय भानगड?

आईला कूस बदलली की गरगरतं, इंदूरच्या डॉक्टरांनी 'बीपीपीव्ही (म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की थोडा वेळ येणारी चक्कर), बाराणी सोसायटीच्या निकषांनुसार' असं लिहिलंय, तर ही सोसायटी इंदुरात कुठे आहे, असं विचारलंय तुम्ही.

अहो, ते हॉस्पिटल नव्हे. चक्कर आणि तोल यांवर काम करणाऱ्या डॉक्टर-संशोधकांची 1960 पासूनची आंतरराष्ट्रीय संघटना आहे ती. नाव रॉबर्ट बाराणींचं, 1914 च्या नोबेलचे मानकरी. (बातमी पोचली तेव्हा स्वारी रशियनांच्या कैदेत!)

चकरांच्या आजारांच्या व्याख्या ही संघटना ठरवते, म्हणजे इंदूर काय नि व्हिएन्ना काय, निदान एकाच मापाने होतं. बीपीपीव्हीचे निकष 2015 चे. रुग्णाला झटकन आडवं करून डोळ्यांची थरथर बघतात. नेहमीच्या प्रकारात ती काही सेकंदांनी सुरू होते आणि मिनिटाच्या आत थांबते. कानातले बारीक कण भलत्या नळीत शिरल्याचा हा प्रताप. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते जागेवर आणतात, त्याला एप्ली म्हणतात. डॉक्टरांना तेवढं विचाराच. राजवाड्याजवळच्या मेडिकलमधून महिनोन्‌महिने चकरांच्या गोळ्या आणल्याने कण हलत नाहीत.

बोलणं अडखळलं किंवा दोन-दोन दिसायला लागलं तर मात्र थेट इमर्जन्सी गाठा.