शामक इंजेक्शन दिल्यावर मांजरीला भुलीचा गॅस कमी का लागतो?

तुमच्या मांजरीच्या नसबंदीच्या वेळी आधी डेक्समेडेटोमिडिन हे शामक आणि ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक यांचे इंजेक्शन दिले, नंतर आयसोफ्लुरेन या भुलीच्या गॅसची डायल बहुतेक वेळ १ टक्क्यावरच ठेवली. मांजरींना दोन टक्के लागतात असे तुम्ही वाचले असल्याने तिला शस्त्रक्रिया चालू असताना वेदना झाल्या असतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी पशुवैद्य आहे आणि लहान प्राण्यांना भूल देणे हेच माझे रोजचे काम आहे. तुम्ही सांगितलेल्या औषधांसोबत १ टक्का हा आकडा मला अजिबात खटकत नाही. मात्र त्यामागचे कारण नीट समजून घेण्याजोगे आहे.

दोन टक्क्यांच्या हिशेबाचे मूळ ‘मॅक’ या मापात आहे. एगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली हे माप भुलीच्या वायूंची ताकद मोजण्यासाठी रूढ केले. फुप्फुसातील वायुकोशांत गॅसचे जेवढे प्रमाण असताना वेदनादायक चिमटा बसूनही निम्मे प्राणी हलत नाहीत, तेवढे प्रमाण म्हणजे त्या गॅसचा मॅक. आयसोफ्लुरेनचा मॅक मांजरीत सुमारे १.६ टक्के आहे, तर कुत्र्यात सुमारे १.३. निम्मे हलत नाहीत याचा अर्थ निम्मे हलतात, म्हणून निव्वळ गॅसवर शस्त्रक्रिया करायची झाली तर मॅकच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे दोन ते अडीच टक्के गॅस लागतो. तुम्ही वाचलेला आकडा अशा, दुसरे कोणतेही औषध न मिळालेल्या मांजरीचा आहे.

डेक्समेडेटोमिडिन मेंदूच्या खोडातील जागृतीच्या केंद्रांत नॉरअ‍ॅड्रेनलिन हे जागे ठेवणारे रसायन सुटणे कमी करते आणि मज्जारज्जूतून वर जाणारे वेदनेचे संदेशही दाबते. हे दोन्ही परिणाम गॅसच्याच कामाला हातभार लावतात, त्यामुळे मात्रेनुसार गॅसची गरज निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत वापरले जाणारे झायलाझिन याच कुळातले आहे. शिवाय या औषधाने हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी होते, म्हणून फुप्फुसातील गॅस रक्ताबरोबर हळू वाहून नेला जातो आणि वायुकोशांतील त्याचे प्रमाण लवकर चढते. म्हणजे मांजरीला गॅस कमी पुरतो आणि तोही नेहमीपेक्षा लवकर भिनतो. डायल सवयीने दोनवर ठेवली तर भूल नको तितकी खोल जाते.

हे मी वाचून शिकलो त्याहून अधिक एका प्रसंगातून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका अशाच मांजरीची डायल मी दोनवरून खाली आणायला उशीर केला होता. तिच्या पुढच्या पायाच्या तळव्यावरचे केस काढून जेल लावून डॉप्लरचा, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राचा, प्रोब बसवला होता आणि नाडीचा ‘हुश्श, हुश्श’ असा आवाज स्पष्ट येत होता. तो आवाज हळूहळू बारीक होत गेला, इतका की कान जवळ न्यावा लागला. डायल अर्ध्यावर आणून शिरेतून सलाईन वाढवल्यावर काही मिनिटांनी तो पुन्हा भरला. त्या दिवसापासून शामक दिलेल्या मांजरीत मी गॅस कमीच सुरू करतो आणि गरज दिसली तरच वाढवतो.

आता तुमच्या मुख्य काळजीकडे येतो. गॅस किती कमी लागला यावरून वेदना किती कमी झाली हे ठरत नाही. एसप्रोमाझिन हे दुसरे एक शामक गॅसची गरज चांगलीच घटवते, पण त्यात वेदनाशामक गुण नाही, आणि ते रक्तवाहिन्या सैल करत असल्याने गॅसमुळे आधीच उतरलेला रक्तदाब आणखी उतरतो. याउलट ब्युप्रेनॉर्फिनसारखे अफूवर्गीय औषध मांजरीची वेदना उत्तम शमवते, तरी गॅसची गरज तिच्यात थोडीच कमी करते. कुत्र्यांत हीच घट पुष्कळ मोठी असते. तुमच्या मांजरीला ब्युप्रेनॉर्फिन मिळाले होते, ही मला यातली सर्वांत समाधानाची बाब वाटते, कारण आयसोफ्लुरेन स्वतः वेदनाशामक नाही आणि गॅस बंद झाल्यावर जे दुखते ते या औषधानेच सुसह्य होते.

शस्त्रक्रिया चालू असतानाची खात्री डायलवरून मिळत नसते, ती मांजरीकडे पाहून मिळते. डोळ्याचे बुबुळ खाली वळलेले आहे का, जबडा सैल आहे का, श्वास संथ आहे का, हे सतत पाहावे लागते. नसबंदीत अंडाशय ओढून बाहेर घेतानाचा क्षण सर्वांत कठीण असतो. तेव्हा श्वास एकदम वाढला तर गॅस किंवा वेदनाशामक वाढवावे लागते. डेक्समेडेटोमिडिनवर नाडी आधीच संथ असते, म्हणून नुसत्या नाडीवर विसंबता येत नाही. सोबत केटामिन हे भुलीचे इंजेक्शन दिले असेल तर डोळा मध्यभागीच राहतो, त्यामुळे डोळ्याची खूणही फसवी ठरते.

तुम्ही घरून गॅबापेन्टिनची कॅप्सूल दिली होती असेही लिहिले आहे. त्याने मांजर शांत येते आणि हाताळताना घाबरत नाही, हा फायदा खराच. पण शिरेतून गॅबापेन्टिन देऊन केलेल्या अभ्यासात मांजरीतील आयसोफ्लुरेनचा मॅक बदललेला आढळला नाही, तेव्हा गॅस कमी लागण्याचे श्रेय त्याला देता येणार नाही.

पुढच्या वेळी कोणती इंजेक्शने दिली, रक्तदाब मोजला का आणि शुद्धीवर येताना जवळ कोण होते, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. यातला शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मांजरींचे निम्म्याहून अधिक मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर, आणि त्यांतले बहुतेक पहिल्या तीन तासांत झाल्याचे दिसले होते.