रिचर्ड दहा मिलियनला नाही म्हणतो ते पटतं का?

प्रश्न: 'सिलिकॉन व्हॅली' ही स्टार्टअपवरची कॉमेडी सिरियल आत्ता बघायला घेतलीये. पहिल्याच एपिसोडला मोठ्या टेक कंपनीचा बॉस गॅव्हिन बेल्सन रिचर्डच्या फाइल छोट्या करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी १ कोटी डॉलर देतोय आणि हा रिचर्ड गुंतवणूकदार पीटर ग्रेगरीचे २ लाख घेतो, कंपनीच्या ५ टक्क्यांच्या बदल्यात! वेडा आहे का हा? आणि फाइल किती चांगली छोटी होते ते मोजणारा तो वाइसमन स्कोअर खरा असतो का?

उत्तर: अहो वेडा नाही, बेल्सनला विकलं असतं तर रिचर्डची कंपनी पाइड पायपर त्याची राहिलीच नसती आणि ग्रेगरीकडे कंपनी हातात राहते, मला तर तिथेच तो आवडून गेला. स्कोअर सिरियलसाठीच बनवला, पण स्टॅनफर्डच्या लोकांनी, त्यामुळे अगदी हवेतला नाही.

तिसरा सीझन मात्र नीट बघा हं, पुढचं थोडं सांगतेय. इंजिनीअर मंडळी प्रॉडक्टवर फिदा आणि साध्या माणसाला ते उघडून काय करायचं तेच कळत नाही, रोज वापरणारे वाढेनात म्हणून रिचर्डच्या टीममधला बिचारा जॅरेड गुपचूप खोटे युजर विकत घेतो, आणि रिचर्डला ते कळतं तेव्हाचा त्याचा चेहरा बघा, इतकी खरी स्टार्टअपची भीती मी दुसऱ्या कुठल्या कॉमेडीत पाहिली नाही. रिचर्डचा घरमालक एर्लिक चौथ्या सीझननंतर नाही, तरी सहाही सीझन बघाच.