राइनोस्पोरिडिओसिस हा नाकात-डोळ्यात मांस वाढवणारा आजार कॅन्सर आहे का? घरातल्यांना होतो का?

तुमच्या भावाच्या नाकातल्या गोळ्याचं निदान राइनोस्पोरिडिओसिस असं झालं आणि घरात सगळे घाबरलेत, असं तुम्ही लिहिलंय. हा कॅन्सर नाही. एका ताटात जेवून किंवा एकाच टॉवेलने तोंड पुसून तो घरातल्यांना होत नाही. मला हा आजार झाला होता, दोनदा ऑपरेशन झालं, म्हणून लिहितोय.

माझं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, मालगुजारी तलावाच्या काठी. पोहायला तिथेच शिकलो, म्हशीही तिथेच धुतल्या. एकोणिसाव्या वर्षी डाव्या नाकपुडीतून सारखा घोळणा फुटायला लागला. आजी कांदा हुंगायला द्यायची, उष्णतेमुळे होतंय म्हणायची. पण भर थंडीतही रक्त थांबेना आणि नाक चोंदलेलंच राहायला लागलं. आत तुतीसारखा लालभडक गोळा होता, वर बारीक पांढरट ठिपके. हे ठिपके म्हणजे जंतूच्या बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या असतात, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या डॉक्टरांनी नेहमीचं वाढलेलं मांस समजून तो नुसता ओढून काढला, तुकडा तपासणीला पाठवलाच नाही. वर्षाच्या आत गोळा परत आला. मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच. गोळा मुळापासून काढून त्याची बैठक विजेच्या उपकरणाने जाळावी लागते, नाहीतर तो पुन्हा उगवतो. काढलेला तुकडा बायोप्सीला गेलाच पाहिजे, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्या पिशव्या दिसल्या की निदान पक्कं होतं. हा जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नाही, त्यामुळे कल्चरचा उपयोग नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मला काही महिने डॅप्सोन दिलं. कुष्ठरोगावरचं हे औषध गोळा परत येऊ नये म्हणून देतात. ते सुरू करण्याआधी रक्ताची जी-सिक्स-पीडी तपासणी झाली का, हे भावाच्या डॉक्टरांना जरूर विचारा. ते एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात.

डोळ्याचं म्हणाल तर माझ्या मामेभावाला पापणीच्या आतल्या बाजूला असाच लाल कोंब आला होता. दुखत नव्हता, नुसतं पाणी यायचं. सगळे रांजणवाडी म्हणून शेकत बसले. शेवटी डोळ्याच्या डॉक्टरांनी तो काढला. नाकाखालोखाल हा आजार डोळ्यातच जास्त दिसतो.

अर्जेंटिनात ग्विलेर्मो सीबर यांनी 1900 मध्ये या जंतूचं वर्णन केलं. बरीच वर्षं त्याला बुरशी समजत होते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस जनुकीय अभ्यासातून कळलं, की त्याचं जवळचं नातं माशांवरच्या परजीवींशी आहे. रुग्ण सगळ्यात जास्त भारत आणि श्रीलंकेत, आपल्याकडे तमिळनाडू, केरळ, छत्तीसगड या पट्ट्यात. साचलेल्या पाण्यातून, नाकातल्या किंवा डोळ्यातल्या बारीक खरचटीतून तो शिरतो, असं मानतात. तळ्यात अख्खं गाव उतरतं, होतो मात्र एखाद्यालाच.

भावाचं तळ्यात डुंबणं तेवढं बंद करा, नाक कोरायची सवय असेल तर तीही. ऑपरेशननंतर तपासण्या चुकवू देऊ नका, हा आजार काही वर्षांनीही डोकं वर काढतो. मला नऊ वर्षं झाली, अजून दरवर्षी दुर्बिणीने नाक तपासून घेतो.