पंपाचा ओपन-एंडेड (एकच ठरलेलं उत्तर नसलेला) प्रॉब्लेम सॉफ्टवेअरमध्ये सोडवताना सुरुवातच होत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की लर्निंग सॉफ्टवेअरने "पाच एकर शेतीसाठी पंप निवडा" एवढंच विचारलं आणि तुम्ही तासभर रिकाम्या चौकटींकडे बघत बसलात. मी मेकॅनिकलच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेतो. दर बॅचला हेच होतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, हेड किती धरायचं?" (हेड म्हणजे पाणी एकूण किती मीटर वर चढवायचं, पाइपातलं घर्षण धरून.)

फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, पण आकडा आपणच धरायचा असतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं. युनिव्हर्सिटीच्या पेपरात लागेल तेवढंच दिलेलं असतं, त्यामुळे न दिलेली गोष्ट म्हणजे छापायची चूक वाटते. मग मुलं हिंटचं बटण दाबत राहतात, नाहीतर चौकट हिरवी होईपर्यंत स्लायडर सरकवतात. हिरवी झाली की खूश. का झाली विचारलं की गप्प. (माझंही सुरुवातीला असंच व्हायचं. तेव्हा स्लायडर नव्हते, शेजारच्याची वही होती.)

सॉफ्टवेअर बंद करा, कागद घ्या. पिकाला दिवसाला 5 मिमी पाणी धरा. एक एकर म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर, म्हणजे एकरी 20 हजार लिटर, पाच एकरांना एक लाख. वीज आठ तास मिळते असं धरलं तर सेकंदाला साडेतीन लिटर. विहिरीची खोली आणि पाइपातलं घर्षण मिळून हेड 25 मीटर. सेकंदाचे लिटर, गुरुत्वाकर्षणाचे 9.81 आणि हेड यांचा गुणाकार म्हणजे लागणारी पॉवर: 3.5 × 9.81 × 25 म्हणजे साधारण 860 वॅट. पंप आणि मोटर मिळून एफिशियन्सी 50 टक्के धरली, म्हणजे निम्मी वीज वाया जाते असं धरलं, तर पावणेदोन किलोवॅटच्या आसपास, म्हणजे सव्वादोन एचपी. 3 एचपीचा पंप पुरेल.

आता सॉफ्टवेअर उघडा. ते डिस्चार्ज, म्हणजे सेकंदाला किती लिटर पाणी, 3.4722 दाखवेल. चार दशांश बघून मुलांना वाटतं, हे अचूक. पण ज्या 5 मिमीवर ते उभं आहे, ते 4 असू शकतं, उन्हाळ्यात 7 सुद्धा. तो आकडा 7 केला की पंप सव्वातीन एचपीच्या जवळ जातो आणि 3 एचपीचा कमी पडतो. खरी मेहनत इथे आहे: कोणता आकडा हलवला की उत्तर हलतं, हे शोधण्यात. मुलं नेमकी तीच टाळतात, कारण त्याला चौकट नसते.

आणि गावात बघाल तर पाच एकरवाल्याकडे 5 एचपीची मोटर सहज सापडते. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, व्होल्टेज पडतं, वीज आठ तास मिळेलच याचा भरवसा नसतो. त्याने धरलेले आकडे तुमच्यापेक्षा वेगळे आहेत, एवढंच. शक्य असेल तर एकाला विचारून या.

तुमच्या प्रॉब्लेममध्ये विहिरीची खोली दिली आहे का? नसेल तर 20 मीटर धरा आणि "धरली आहे" असं शेजारी लिहा.