कुंभारजुवे कालव्यातल्या चिखलात 16 फुटी होडीला कुठलं इंजिन बसवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सपाट तळाची 16 फुटी फायबरची होडी, चार माणसं, फेऱ्या गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्यात आणि दिवाडी-चोडण बेटांच्या आजूबाजूच्या फाट्यांत, म्हणजे खाडीच्या अरुंद शाखांत. ओहोटीला काही ठिकाणी दीड फूटसुद्धा पाणी राहत नाही आणि खाली गाळ. आउटबोर्ड (मागच्या फळीवर बाहेरून टांगायचं इंजिन) घ्यावं, जेट घ्यावं, लांब शेपटीचं इंजिन घ्यावं की बॅटरीवरची मोटर?

आधी उत्तर देतो. 9.9 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, आखूड शाफ्टचं, हाताने वळवायचं. आणि जोडीला एक चांगला बांबू. भरतीची वाट बघणं परवडणारच नसेल तर लांब शेपटीचं. जेटचा विचार सोडून द्या.

आता हिशेब. तुमच्या होडीचा पाण्याला टेकणारा तळ साधारण 14 फूट बाय 4 फूट धरा. असा तळ एक इंच खाली बसायला सुमारे 130 किलो वजन लागतं. होडी, चार माणसं, इंजिन आणि पेट्रोल मिळून 530 किलोच्या आसपास जातं, म्हणजे चार इंच. इंजिन आणि चालवणारा मागे असल्यामुळे मागची बाजू आणखी दोनेक इंच दबते, म्हणून सहा धरा. आउटबोर्डचा पंखा आणि त्याखालचं पातं तळाच्या खाली अकरा-बारा इंच उतरतं. एकूण दीड फूट. तुमची अडचण नेमकी इथेच आहे आणि ती कमी करता येते.

पहिली गोष्ट शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याची. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत सरळ उभं माप घ्या. 15 इंच भरलं तर आखूड शाफ्ट, 20 भरलं तर लांब. दुकानात लांब शाफ्टचं तयार आहे म्हणून 15 इंची फळीवर ते चढवलं, तर पंखा फुकटचा पाच इंच खाली जातो. दीड फूट पाण्यात पाच इंच म्हणजे सगळा खेळच. याउलट फळीवर लाकडाचा तुकडा ठेवून इंजिन इंच-दीड इंच वर बसवता येतं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा किंचित वर राहिली तरी हलक्या वेगात चालतं. वळताना इंजिन अचानक किंचाळलं आणि ढकल कमी झाली, तर पंखा वरून हवा ओढतोय असं समजा आणि अर्धा इंच खाली घ्या.

दुसरी गोष्ट, बहुतेक इंजिनांना उथळ पाण्यासाठी अर्धवट उचललेल्या स्थितीत अडकवायची सोय असते. तिथे अडकवलं की आणखी चार-पाच इंच वाचतात. पण थ्रॉटल अगदी कमी ठेवा, आणि इंजिन उचलून अडकवलेलं असताना रिव्हर्स जोरात देऊ नका, ते पाण्याबाहेर उसळतं.

चिखलात आउटबोर्डचा घात होतो तो थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेने. पंख्याला चिखलाचं फारसं काही वाटत नाही. पाणी आत घेण्याच्या फटी गिअरच्या खोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणजे गाळाच्या सगळ्यात जवळ. आत रबरी पात्यांचा पंप असतो. वाळू-चिखलाने ती पाती घासतात, फटींत पाला आणि प्लॅस्टिक अडकतं, इंजिन तापतं. म्हणून मागून बाहेर पडणाऱ्या बारीक धारेवर डोळा ठेवा. धार जोमदार आणि कोमट असली तर ठीक. बारीक झाली तर इंजिन बंद करून फटी बघा, मग धारेच्या भोकात मासेमारीची जाड नायलॉन दोरी खुपसून बघा. तरीही धार येत नसेल तर पुढे चालवू नका, वल्हं काढा. रबरी पंप पुस्तकात वर्षाने बदला म्हटलं असेल तर या पाण्यात सहा महिन्यांनी उघडून बघा. तो सुटा विकत मिळतो आणि फार महाग नसतो.

जेट का नको, तर तेच कारण दुपटीने. जेट खालून पाणी ओढतं आणि मागे फेकतं, तळाखाली पंखा नसतो म्हणून ऐकायला छान वाटतं. दगडगोट्यांच्या, स्वच्छ, वाहत्या नदीत ते खरोखर उत्तम चालतं. इथे ते गाळ, खारफुटीची पानं आणि पिशव्या ओढतं, जाळी भरते, आतला पंखा आणि भोवतीचं अस्तर झिजतं, दोघांत फट वाढली की ढकल जाते. शिवाय त्याच इंजिनावर जेट लावलं की ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटते, आणि हळू चालवताना सुकाणू नीट ऐकत नाही. अरुंद फाट्यात हळूच चालवायचं असतं.

लांब शेपटीचं इंजिन मात्र गाळासाठीच बनलेलं. वर हवेने थंड होणारं साडेसहा-सात हॉर्सपॉवरचं साधं पेट्रोल इंजिन, त्याला पाच-सहा फुटांचा दांडा, टोकाला दोन पात्यांचा पंखा. पाणी आत घ्यायचंच नसल्यामुळे तापण्याची भीती कमी. दांडा तिरका करून पंखा जवळजवळ पृष्ठभागावर चालवता येतो, आणि पाण्याखाली निव्वळ राबडी असली तरी तो तिच्यातून ढकलतो. तोटे ऐकून घ्या. रिव्हर्स नसतो. स्वस्त प्रकारात न्यूट्रलही नसतं, दोरी ओढली की होडी निघते, म्हणून सुरू करताना पंखा पाण्याबाहेर हवा. पंखा बुंध्याला लागला की हँडल छातीवर येतं, तेव्हा इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला हवीच. शेपटी मागे सहा फूट असल्यामुळे दहा फुटी फाट्यात वळताना ती खारफुटीच्या मुळांत घुसते. आणि आवाज! पक्षी दाखवायला माणसं नेणार असाल तर हे इंजिन विसरा. रोजच्या वापरात दांड्याच्या टोकाच्या बुशला (दांडा ज्यात फिरतो त्या नळीला) ग्रीस भरायला चुकलात तर खारं पाणी ते लवकर खातं.

बॅटरीची मोटर शांत असते, पण मुख्य म्हणून नको. 12 व्होल्टची 55 पौंड ढकलीची मोटर पूर्ण वेगात सुमारे 50 अँपिअर घेते. 100 अँपिअर-तासांची लेड बॅटरी अर्धीच वापरायची असते, म्हणजे जेमतेम तास. उधाणाच्या ओहोटीसमोर ती हरते. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवशी फाट्याच्या आत फिरायला, आउटबोर्ड वर उचलून, चालेल. खाऱ्या पाण्यासाठीचीच घ्या.

आता बांबू. दहा-बारा फुटी, टोकाला वीतभर रुंद फळी आडवी ठोकलेली. नुसता बांबू गाळात रुततो आणि होडी पुढे गेली की हातात राहत नाही. रुतला तर सरळ ओढू नका, आधी पिळा. होडी गाळावर बसली की पहिलं काम इंजिन बंद. रिव्हर्समध्ये जोर लावला तर पंखा गाळ उकरून तळाखाली आणि पाण्याच्या फटींत कोंबतो. इंजिन पूर्ण वर घ्या, रुतलेल्या बाजूची माणसं दुसऱ्या टोकाला बसवा, आलात त्याच वाटेने मागे ढकला. खाली उतरून ढकलायचं मनात आणू नका: गाळ मांडीपर्यंत जातो, कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापतात, आणि कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत.

गाळापेक्षा घातक असतात ते जुन्या बांधांचे जांभ्याचे दगड, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या झडपेच्या) तोंडाशी पडलेले चिरे आणि जाळी बांधायला ठोकलेले खुंट. इथे आउटबोर्ड उसळून वर यायला हवं, म्हणून पुढे जाताना खालचं लॉक कधी लावून ठेवू नका. एक जादा पंखा, नट आणि पिना होडीतच ठेवा.

भरती-ओहोटीसाठी मुरगाव बंदराचं वेळापत्रक बघा, पण आत पाणी उशिरा पोचतं. कालव्याला तर मांडवी आणि जुवारी अशा दोन्ही तोंडांनी भरती येते. धक्क्याच्या एका खांबावर रंगाने फुटांच्या खुणा करा आणि आठवडाभर वेळ लिहून ठेवा. तुमच्या फाट्याचा फरक तुम्हालाच सापडेल. उधाणाच्या ओहोटीचे तळाचे दोन तास टाळलेत तर वर सांगितलेलं आउटबोर्ड पुरतं.

फेरी संपल्यावर पिंपात गोडं पाणी भरून, आडवी पट्टी पूर्ण बुडवून, न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं चालवा. महिन्यातून एकदा पंखा काढून मागे जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळला नाही ना ते बघा. तो सील कापतो, आणि गिअरचं तेल दुधासारखं पांढरं दिसायला लागतं. तेल तसं दिसलं की त्याच दिवशी सील बदलायला द्या, पुढच्या फेरीची वाट बघू नका. इंजिनाऐवजी स्वतः गंजायला लावलेल्या जस्ताच्या ठोकळ्यावर रंग मारू नका. आणि इंजिन बसवण्याआधी बंदर कप्तान खात्याकडे नोंदणीची चौकशी करा, जॅकेटं चारही माणसांना.