न उघडलेल्या बाटलीतले जंतू

प्रश्न : ताई, मी गावचा जलसुरक्षक आहे. वाडीच्या विहिरीचं पाणी एकाच सकाळी दोन बाटल्यांत भरलं. प्रयोगशाळेने दिलेली काचेची बाटली त्याच दुपारी पोचवली, तिचा अहवाल 'पिण्यास अयोग्य'. दुसरी विकतच्या पाण्याची रिकामी बाटली. ती चार वेळा विसळून भरली, रात्रभर गाडीच्या डिकीत राहिली आणि दुसऱ्या दिवशी खासगी प्रयोगशाळेत दिली. तिचा अहवाल 'योग्य'. पाणी भरलं त्याच्या आदल्या रात्री विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं होतं. ग्रामसभेत लोक विचारतात, खरं कोण?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात मला जास्त खटकला तो 'योग्य' हा अहवाल.

काचेच्या बाटलीच्या तळाशी थेंबभर सोडियम थायोसल्फेट असतं. पाण्यातलं क्लोरीन ते जागच्या जागी मारतं, म्हणजे भरतानाचं पाणी जसं होतं तसंच प्रयोगशाळेत पोचतं. म्हणून ती बाटली विसळायची नसते. विकतच्या बाटलीत हे औषध नसतं. टीसीएलचं क्लोरीन उरलं असेल तर ते रात्रभर डिकीतही जंतू मारत राहिलं. मग अहवाल आला तो डिकीतल्या पाण्याचा, विहिरीचा नव्हे. शिवाय जंतूंच्या तपासणीचं पाणी गार ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायचं असतं, जितकं लवकर तितकं बरं.

म्हणून 'अयोग्य' खरा, असंही मी म्हणणार नाही. बाटली भरताना ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून बघण्याची) केली होती का, पिवळा रंग आला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेलं दिसायला हवं. ते होतं आणि तरीही जंतू निघाले, तर माझा पहिला संशय बादली, दोर आणि भरणाऱ्याच्या हातावर जाईल. झाकण कठड्यावर उलटं ठेवलं होतं का, आठवून बघा. ते करंगळीत धरायचं, तोंड खाली, आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. सांगायला सोपं आहे. पावसात, एका हातात दोर धरून करून बघा!

मी नोकरीत नवी असताना कोकणात गावोगाव नमुने घेत फिरायचे. निघताना साहेबांनी एक जास्तीची बाटली दिली होती, प्रयोगशाळेतच निर्जंतुक पाण्याने भरून बंद केलेली. "उघडायची नाही, नुसती फिरवून आण," म्हणाले. मला वाटलं, उगाच ओझं. वाटेत पेटीतला बर्फ संपला म्हणून जेटीवर मासळीवाल्यांकडून घेतला. संध्याकाळपर्यंत तो वितळला आणि बाटल्या गळ्यापर्यंत त्या पाण्यात बुडाल्या. तपासणीत सगळ्या विहिरी दूषित निघाल्या. आणि ती न उघडलेली बाटलीसुद्धा! बर्फाचं पाणी झाकणाच्या फटीतून आत शिरलं होतं. ती बाटली नसती तर आम्ही चांगल्या विहिरींवर लाल शेरे मारून मोकळे झालो असतो. सगळे नमुने पुन्हा घ्यावे लागले, आणि बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तेव्हा पुढच्या खेपेला प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटल्या घ्या आणि एक अशी भरलेली बंद बाटलीही मागून घ्या. बादली नकोच. बाटलीच्या गळ्याला स्वच्छ सुतळी आणि खाली दगड बांधून सोडा, भिंतीला घासू देऊ नका, वरचा तवंग चुकवून हातभर खाली जाऊ द्या. काठोकाठ भरू नका, हलवायला जागा लागते. त्याच जागेवरून लगेच दुसरी बाटली भरा आणि दोन्ही एकाच प्रयोगशाळेत वेगवेगळ्या क्रमांकाने द्या, जुळ्या आहेत हे सांगू नका. जंतूंचे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, त्याने घाबरू नका. पण एकीत काहीच नाही आणि दुसरीत शंभर, असं आलं तर कुठेतरी हात चुकला. चिठ्ठीवर वेळ आणि ओटीचा रंग विहिरीवरच लिहा, भरण्याआधी चिकटवा. ओल्या बाटलीला काही चिकटत नाही. बर्फ वापरलात तर बाटल्या पिशवीत बांधून उभ्या ठेवा.

ग्रामसभेत दोन्ही अहवाल बाजूला ठेवा. नवे येईपर्यंत टीसीएल चालू ठेवा आणि वाडीला पाणी उकळूनच प्यायला सांगा.